वाई, वाईच्याच भूमिकेत

माझ्या मामांचा हात अक्षराला फार चांगला. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकच्या मागची फुलं, निवडणुकीतले पंजे, कमळं आणि घड्याळं, सगळं त्यांनी सारख्याच मनोभावे रंगवलं. पुढे फ्लेक्स आला आणि त्यांचा धंदा बसला. फ्लेक्स छापणारी मी त्यांचीच भाची, त्यामुळे हा विषय आमच्याकडे जेवताना काढायचा नसतो. पण मामांना त्यांची सगळ्यात आवडती पाटी विचारली तर ते जी सांगतात, ती जेमतेम तीन आठवडे टिकली. वाईतल्या एका जुन्या इमारतीवर त्यांनी मोठ्या हिंदी अक्षरांत ‘थाना’ असं रंगवलं होतं, आणि खाली बिहारमधल्या एका जिल्ह्याचं नाव, जो जिल्हा जगात कुठेच नाही. ‘गंगाजल’चं शूटिंग होतं. मामा शपथेवर सांगतात की कुठल्याशा वाडीवरून आलेला एक म्हातारा बांधाच्या भांडणाची तक्रार घेऊन खरंच आत शिरला, आणि आतल्या खोट्या हवालदारानं त्याला पाणी देऊन बसवूनही घेतलं. हा भाग मला मागाहून जोडलेला वाटतो. पण मामा सांगत असताना मी मध्ये बोलत नाही.

आमच्या गावाला हे नवं नाही. ‘मृत्युदंड’मध्ये (१९९७) वाई बिहार झाली, ‘गंगाजल’मध्ये (२००३) पुन्हा बिहार. ‘स्वदेस’मध्ये (२००४) नाना फडणवीसांचा मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातल्या चरणपूरचा झाला. ‘चेन्नई एक्सप्रेस’च्या वेळी (२०१३) आम्ही जागचे न हलता तामिळनाडूत जाऊन आलो. कारणं सरळ आहेत. मुंबईहून युनिट काही तासांत पोचतं, दगडी घाट आयते, वाडे आयते, मागे डोंगर, वर पाचगणीत हॉटेलं. शिवाय गावाला शूटिंगची इतकी सवय की हिरो टपरीवर उभा राहिला तरी टपरीवाला आधी सुट्टे मागतो. घरातलं एक तरी माणूस कधी ना कधी गमछा नाहीतर लुंगी गुंडाळून दिवसभर गर्दीत उभं राहिलेलं नाही, असं घर वाईत शोधावं लागेल.

आणि तरीही, ज्यात वाई ही वाईच आहे अशा सिनेमाचं नाव सांगा म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आम्ही पुन्हा सिनेमे दाखवणार आहोत आणि मुलांची कार्यशाळा घेणार आहोत. त्याचं पत्रक करायला बसले होते. पत्रकात चार ओळी मावतात, आणि माझं म्हणणं काही चार ओळींत मावेना. म्हणून हे.

‘आम्ही’ म्हणजे चौघं. मी (झेरॉक्स, लॅमिनेशन, फ्लेक्स), लग्नाचं शूटिंग करणारा एक दादा, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले सर, आणि पुण्यात एडिटिंग शिकून आईच्या आजारपणामुळे परत आलेला एक मुलगा. मंडळाला नाव द्यायचं ठरलं तेव्हा सरांनी सात नावं सुचवली. सातही संस्कृत. म्हणून नाव राहून गेलं. लोक आपले ‘झेरॉक्सवाल्या ताईंचा सिनेमा’ म्हणतात, आणि मी ते मनातल्या मनात मान्य करून टाकलंय.

मुळात हे खूळ सरांचं. तरुणपणी त्यांनी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून घेतात तो उन्हाळ्यातला रसास्वादाचा अभ्यासक्रम केला होता. १९६४ साली सुरू झालेलं ते संग्रहालय पी. के. नायरांनी कसं उभं केलं, अंधारात शेवटच्या रांगेत बसून छोट्या टॉर्चच्या उजेडात ते वहीत कशी टिपणं काढायचे, हे सर अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं ज्ञानेश्वरीवर बोलतायत. पण सरांची खरी पोथी हेग्गोडूची. कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यात, सुपारीच्या बागांमधलं हे खेडं. तिथं के. व्ही. सुब्बण्णांनी ‘नीनासम्’ या संस्थेचं नाटकाचं काम सुरू केलं आणि सत्तरच्या दशकात त्याला सिनेमाची जोड दिली. पुण्याहून फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे सतीश बहादूर आणि नायर तिकडे जायचे, आणि सुपारी सोलणाऱ्या बायाबापड्यांना जगातले थोर सिनेमे दाखवून त्यांवर गप्पा व्हायच्या. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. “हेग्गोडूला जमलं,” सर म्हणतात, “आणि ज्या गावात बसून मराठी विश्वकोशाचे खंड काढले, त्या गावाला एक प्रोजेक्टर झेपू नये?”

झेपत नव्हता, हे खरंच आहे. पहिल्या खेळाला आम्ही ज्या हॉलमध्ये सिनेमा ठेवला तो हॉल आदल्या रात्री साडेनऊला रद्द झाला, कारण कुणाकडे तरी साखरपुडा निघाला. हॉलवाल्यांनी पैसे परत दिले, वर पेढेही दिले. धावपळ करून एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली मिळाली, ती आजतागायत आमची. खोली चांगली लांबरुंद आहे पण पश्चिमेला पाच खिडक्या. सहाच्या खेळाला पडद्यावर सिनेमा कमी आणि कृष्णेपलीकडचं ऊन जास्त. आमचा प्रोजेक्टर लग्नवाल्या दादाचा, नवरा-नवरीचे लहानपणचे फोटो दाखवायला घेतलेला. त्यात फोटो बरे दिसतात, रात्रीचे प्रसंग दिसत नाहीत. खिडक्यांना मी जुने फ्लेक्स उलटे करून लावले, काळी बाजू आत. बाहेरून वाचनालयावर पाच जणांचे वाढदिवस एकदम झळकले.

दुसरी अडचण आवाजाची. उघड्या भिंती, फरशी, उंच छत. वाक्य एकदा बोललं की चारदा ऐकू यायचं. पुण्याच्या मुलानं काहीतरी ध्वनिशोषक फलक मागवायचे म्हणून किंमत सांगितली. आम्ही चौघांनी घरून गोधड्या आणल्या. आजही खेळाच्या दिवशी भिंतीवर अकरा गोधड्या टांगतो, आणि नव्या माणसाला आधी प्रदर्शन-विक्री आहे असं वाटतं.

पडदा मामांनी केला. दोन पन्ह्यांचं पांढरं कापड शिवून घेतलं, मधोमध शिवण. मामा कापड ताणून बसवताना त्यांच्या लहानपणच्या यात्रेतला तंबूचा सिनेमा सांगत होते. ट्रकवरची मशीन, कर्ण्यावरची गाणी, खाली माती. तंबूत गर्दी झाली की पोरं पडद्याच्या मागल्या बाजूला जाऊन बसायची. तिथून चित्र तेच, फक्त नायक डावखुरा आणि अक्षरं उलटी. “म्हणून तर मला उलटं लिहिता येतं,” मामा म्हणाले, आणि पडद्याच्या मागे जाऊन खडूनं माझं नाव उलटं लिहून दाखवलं. ते अजून तिथं आहे. पुढून दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सगळं मोबाइलवर आहे की. हे मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं, बहुतेक वेळा आधार कार्डाची झेरॉक्स काढताना. पहिली गोष्ट, सगळं मोबाइलवर नसतं. मराठीत गेल्या वीस वर्षांत जे वेगळं काम झालं त्याची बातमी आमच्याकडे वेळेवर पोचते, सिनेमा पोचत नाही. ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिक मिळालं ते आम्ही वाचलं. ‘साबर बोंडं’ला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्युरीचं मोठं पारितोषिक मिळालं ते वाचलं. असा सिनेमा लागला तर पस्तीस किलोमीटरवर साताऱ्याला लागणार, एखादाच खेळ, भलत्या वेळेला, आणि पुढच्या शुक्रवारी गायब. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना मोक्याच्या वेळी एक खेळ मराठी सिनेमाला देणं भाग पाडलं, तेव्हा केवढी चर्चा झाली. ज्या तालुक्यात मल्टिप्लेक्सच नाही तिथं त्या नियमाचं काय करायचं, हे कुणी बोललं नाही. आम्हीही नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी झेरॉक्स काढता काढता समजावून सांगता येत नाही, ती कंटाळ्याची. मोबाइलवर कंटाळा आला की बोट पुढे सरकतं. हॉलमध्ये कंटाळा आला तर शेजारच्यालाही आलाय हे कळतं. मग माणूस जरा हलतो, खोकतो, छताकडे बघतो, पुन्हा पडद्याकडे बघतो, आणि मघाशी न दिसलेलं काहीतरी दिसतं. मला स्वतःला हे ‘कोर्ट’च्या वेळी कळलं. रीतसर परवानगी मागून, ठरलेली रक्कम भरून आम्ही तो दाखवला. (आपल्या घरच्या ओटीटीवरून लॅपटॉप जोडून हॉलभर लोकांना दाखवायचं, हे बेकायदा आहे. पहिल्यांदा आम्हालाही माहीत नव्हतं. सिनेमावाल्यांना लिहिलं की बहुतेक जण उत्तर देतात, काही जण पैसेही घेत नाहीत, एक दिग्दर्शक तर स्वारगेटहून एसटीनं आला आणि पिठलं-भाकरी खाऊन शेवटच्या गाडीनं परत गेला.)

तर ‘कोर्ट’. एका शाहिरावर खटला. त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली म्हणे. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो. सरकारी वकीलबाई कलमं वाचतात, न्यायाधीश स्टेनोला मजकूर सांगतात, पुढची तारीख पडते. पहिल्या अर्ध्या तासात सात-आठ जण चपला शोधायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. न्यायाधीश साधं काहीतरी सांगत होते, विनोद काहीच नव्हता, आणि एक आजोबा खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसत होते. कोर्टात शिरस्तेदार होते ते, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. त्यांचं बघून शेजारचा हसला. मग हळूहळू हॉलला कळत गेलं की इथं हसायचं आहे, आणि मग आणखी थोड्या वेळानं, की इथं हसणं बरं नाही.

शेवटाकडे एक जागा आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, एकेक दिवे बंद होतात, दार लागतं आणि पडदा काळा. काळाच राहतो. आमच्याकडे पडदा काळा होण्याचा अर्थ एकच. मागून आवाज आला, “लाइट गेली!” लग्नवाला दादा अंधारात बोर्डाकडे धावला आणि त्यानं जोशात मेन स्विचच खाली केला. म्हणजे लाइट नव्हती गेली ती गेली. चार मिनिटं अंधार. त्या चार मिनिटांत कुणी उठलं नाही. शिरस्तेदार आजोबा अंधारातच म्हणाले, “खटला बनवलेला आहे हो, पण तो पंख्याचा आवाज खरा आहे. आमच्या कोर्टात अस्साच यायचा.”

हे वाक्य मी पत्रकावर छापायचं ठरवलं होतं. सर म्हणाले, त्याचा अर्थ काय लागेल? मी म्हटलं, ज्याला लागायचा त्याला लागेल.

परदेशी सिनेमे दाखवायचे तर वेगळाच प्रश्न. खाली इंग्रजी अक्षरं येतात ती आमच्या अर्ध्या प्रेक्षकांना वाचता येत नाहीत, उरलेल्यांना वेळेत वाचता येत नाहीत. म्हणून मुलांसाठी अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७चा इराणी सिनेमा दाखवायचं ठरलं तेव्हा आम्ही मराठी अक्षरं स्वतः तयार केली. तीन आठवडे गेले. सर भाषांतर करायचे, मी टंकायची, पुण्याचा मुलगा वेळ जुळवायचा. सरांचं पहिलं वाक्य होतं, ‘तू माझी आज्ञा शिरसावंद्य मानणार नाहीस काय?’ हे शिक्षक आठ वर्षांच्या पोराला म्हणतोय. पुण्याचा मुलगा म्हणाला, “सर, हे वाचून होईस्तोवर पोरगं घरी पोचेल.” शेवटी ‘ऐकणार ना?’ वर तडजोड झाली. मग नव्या भानगडी. लॅपटॉपवर नीट दिसणारी जोडाक्षरं पडद्यावर फुटायची. ‘मित्राचं’ हा शब्द इतका विचित्र तुटला की एका खेळापुरतं आम्ही सगळीकडे ‘दोस्ताचं’ केलं.

आणि त्यातून गंमत झाली. सिनेमाचं मूळ नाव फारसी आहे, ‘खाने-ये दोस्त कोजास्त’, दोस्ताचं घर कुठं आहे. ‘खाना’ आम्हाला काय परका? दवाखाना, कारखाना, तुरुंग पाहिला नसला तरी बंदीखाना. ‘दोस्त’ तर रोजचा. पण खरी मजा ‘दफ्तर’नं केली. गोष्ट अशी की एका मुलाकडून वर्गमित्राची वही चुकून घरी येते, उद्या ती वही नसली तर त्या मित्राला शाळेतून काढणार, म्हणून हा पोरगा डोंगर ओलांडून त्याचं घर शोधत हिंडतो. फारसीत वहीला ‘दफ्तर’ म्हणतात. पडद्यावरचा मुलगा आईला पुन्हा पुन्हा सांगतोय, दफ्तर, दफ्तर, आणि आमची पोरं खाली ‘वही’ वाचतायत. चौथीतली एक मुलगी जोरात म्हणाली, “ताई, चुकलंय! तो दप्तर म्हणतोय!” पाठोपाठ पंचवीस पोरं: दप्तर, दप्तर! मी उभी राहून सांगायला लागले की बाळांनो, तो शब्द तिकडून इकडे येता येता पातळ वहीचा जाडजूड झोळा झाला. कुणी ऐकत नव्हतं. इराणमधलं एक पोरगं आपल्या भाषेत बोलतंय याचा त्यांना झालेला आनंद सुधारण्यात काही अर्थ नव्हता.

त्याच खेळात आणखी दोन गोष्टी झाल्या. सिनेमातला आजोबा, मुलांना वळण लावायला अधूनमधून मारलंच पाहिजे, आपला बाप पैसे द्यायला विसरायचा पण मार द्यायला कधी विसरला नाही, असं अभिमानानं सांगतो, तेव्हा आमच्या मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी “बरोबर आहे” म्हणून दाद दिली. त्यांचा नातू पुढच्या रांगेत होता. त्यानं वळून बघितलं. मी ते बघणं विसरलेले नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मुलं खालची अक्षरं मोठ्यानं वाचत होती. सगळी मिळून, पाढ्यांसारखी. मी दोनदा ओठांवर बोट ठेवलं. खेळ संपल्यावर गंगापुरीतल्या एक आजी आल्या. सही करता येते, वाचता येत नाही. म्हणाल्या, “बाई, पोरं वाचत हुती म्हणून मला समदं कळलं बघ. तू कशापायी गप करत हुतीस?”

पुढच्या खेळापासून पहिली रांग वाचणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस असायचाच. आम्ही काही नवा शोध लावलेला नाही.

कार्यशाळेचं मात्र आमचं आम्हालाच हसू येतं. पहिली कार्यशाळा जाहीर केली, फ्लेक्स लावले, शाळाशाळांतून सांगितलं. चाळीस नावं आली. प्रत्यक्षात सकाळी नऊ वाजता तीन मुलं, त्यातला एक माझा मुलगा. अर्ध्या तासानं डोक्यात प्रकाश पडला की आज रंगपंचमी आणि आज बावधनच्या यात्रेचं बगाड. वाईत जन्म काढलेल्या चार मोठ्या माणसांनी बगाडाच्या दिवशी कार्यशाळा ठेवली! त्या तीन मुलांना घेऊन आम्हीही बगाडालाच गेलो. कार्यशाळा पुढच्या रविवारी झाली, तेव्हा बारा जण आले.

शिकवायचं काय, यावर दोन रात्री वाद झाले होते. शेवटी पुण्याच्या मुलाचं ऐकलं. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली, एक रुपया तिकीट, फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या सतरा वर्षं आधी. त्यातला एकेक तुकडा जेमतेम पन्नास सेकंदांचा होता. कॅमेरा एका जागी, समोर जे घडेल ते. तर मुलांनाही तेच: मोबाइल आडवा धरून कशाला तरी टेकवा, हात काढा, पन्नास सेकंद काही करू नका. जवळ नेणं नाही, फिरवणं नाही, मागे गाणं नाही. फक्त कुठं टेकवायचा ते ठरवा.

‘काही करू नका’ हे बारा मुलांना सांगून बघा.

एक सातवीतला मुलगा होता, त्याला सिनेमाचं सगळं माहीत. तीन शूटिंगांत गर्दीत उभा राहिलेला. त्यानं मला विचारलं, “ताई, ॲक्शन कोण म्हणणार?” म्हटलं, कुणीच नाही. “मग लोकांना कळणार कसं, आता चालायचं म्हणून?” म्हटलं, लोक चालतायतच. तो थोडा वेळ घाटाच्या पायरीवर बसून चालणाऱ्या लोकांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आपल्याला कुणीतरी फसवतंय असा. मग म्हणाला, “पण हे तर रोजचंच आहे.”

सगळ्यात चांगले पन्नास सेकंद एका मुलीनं आणले. त्यांच्या घरी हळद. काहिलीत शिजवून अंगणात वाळत घातलेली, आणि आजी समोर बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करतेय. मुलीनं मोबाइल पाटावर टेकवला होता, त्यामुळे कॅमेरा फार खाली; आजीचा चेहरा अर्धाच, कपाळ कापलेलं. तिला ते चुकलंय असं वाटत होतं. पण त्यामुळे दिसतात ते हात. मनगटापर्यंत पिवळे, नखं जवळजवळ तपकिरी. हळकुंड उचलायचं, अंगठ्यानं मूळ मोडायचं, डावीकडे; गड्डा उजवीकडे; न बघता. टक् टक् असा वाळलेला आवाज. तिसाव्या सेकंदाला कोंबडी येते, आजी न बघताच तिला हाकलते. चाळिसाव्याला हात थांबतात आणि चेहऱ्याचा अर्धा भाग खाली वाकून थेट आपल्याकडे बघतो. “झालं का गं तुजं?” मुलीचा आवाज मागून, “थांब की.” आजी पुन्हा कामाला लागते. संपलं.

हे आम्ही त्याच संध्याकाळी मोठ्या पडद्यावर लावलं. शिवण बरोबर दोन हातांच्या मधून गेली. बायका पुढे वाकून बघत होत्या, जणू पडद्यावरची हळद निवडायला मदत करायची आहे. मामा माझ्या कानाशी म्हणाले, “गंगाजलला एवढी माणसं उभी केली होती, त्यातल्या एकाचे हात दिसले का तुला?” मी म्हटलं, “तुमची पाटी दिसते.” ते म्हणाले, “पाटी बिहारची.”

यंदाची कार्यशाळा आवाजाची आहे, आणि ती कल्पना, सांगायला हरकत नाही, माझी. गावात शूटिंग असलं की पहिली हाळी येते ती ‘सायलेन्स’ची. दोरी धरून उभी असलेली पोरं तोंडावर बोट ठेवतात. मग आमची भाजीवाली थांबते, गिरणी बंद करायला सांगतात, देवळातली घंटा कुणी वाजवू नये म्हणून माणूस उभा करतात, एसटीच्या ड्रायव्हरला हात जोडून हॉर्न नको म्हणतात. आम्ही सगळे वर्षानुवर्षं हे ऐकत आलो. बिहारचं गाव ऐकू यायचं तर वाईनं गप्प बसायला हवं, त्यात त्यांचीही चूक नाही. पण मग त्या गप्प केलेल्या आवाजांचं काय, असं मला मागच्या महिन्यात दुकानात बसल्या बसल्या वाटलं. बाहेर कुणीतरी पत्र्याचं शटर ओढत होतं आणि वाटलं, हा आवाज कुठंच नोंदवलेला नसेल.

तर रविवारी सकाळी मुलांनी मोबाइल घेऊन यायचं, पण चित्र काढायचं नाही. डोळे मिटून आधी दहा मिनिटं नुसतं बसायचं. मग जोडीजोडीनं गावात जायचं आणि प्रत्येकी एक आवाज आणायचा, एक मिनिटाचा, कुणालाही गप्प न करता. वारा माइकवर आदळू नये म्हणून मोजा कसा चढवायचा, भिंतीपासून किती लांब उभं राहायचं, आवाजाच्या जवळ जाणं म्हणजे काय, हे पुण्याचा मुलगा शिकवणार. दुपारी मुलांना ‘गिरणी’ दाखवणार आहोत, उमेश कुलकर्णींची छोटी फिल्म. विधवा आई घरात पिठाची गिरणी आणते आणि त्या आवाजाबरोबर तिच्या मुलाला राहावं लागतं. खेळानंतर बोलायला आम्ही पाहुणा शोधत होतो. मग लक्षात आलं की आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकूंनी बत्तीस वर्षं गिरणी चालवलीय. त्यांना विचारलं. म्हणाल्या, “मला काय बोलता येतंय?” आणि नंतर पाऊण तास बोलत होत्या, तेही गिरणी चालू ठेवून, ओरडून. गिरणीच्या आवाजावरून पीठ जाड येतंय की बारीक ते त्यांना कळतं. तेवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

शनिवारी संध्याकाळी सातारा-सांगलीकडच्या तरुण मुलामुलींच्या चार छोट्या फिल्म आहेत. दोन मला फार आवडल्या, एक कळली नाही, आणि एक वाईट आहे पण ती केलेली मुलगी हुशार आहे, म्हणून घेतली. ती स्वतः येणार आहे. कृपा करून प्रश्न विचारताना आधी कौतुक आणि मग ‘पण’ असं करू नका, तिला ते लगेच कळतं. रविवारी संध्याकाळी मुलांनी आणलेले आवाज ऐकवायचे. दिवे बंद करून, पडदा काळा ठेवून. तेवढ्यासाठी मेन स्विचपाशी यंदा सरांना बसवलंय, लग्नवाल्या दादाला नाही.

तिकीट नाही. दाराशी स्टीलचा डबा असतो; त्यात टाका, मागच्या वेळी गोधड्या धुवायचा खर्च त्यातूनच निघाला. खुर्च्या साठच आहेत, लहान मुलांसाठी सतरंजी, पंखे तीन. वर यायचा जिना अरुंद आहे आणि पाचवी पायरी हलते. चहा मध्यंतरात, कप घरून आणलात तर उत्तम.

वेळ सहाची. म्हणजे आपल्या रिवाजाप्रमाणे साडेसहा. गंगापुरीच्या आजींना मात्र साडेपाच सांगितलंय, कारण त्यांना वाचणारं पोरगं पारखून घ्यायचं असतं. मागच्या खेपेला मिळालं ते म्हणे फार भरभर वाचत होतं.